‘12 वर्षांपासून’ इंग्रजीत कसे सांगाल?

आमच्या नात्यातील एक खाला आपल्या मुलीकडे परदेशात गेल्या होत्या. एका सकाळी त्यांना चक्कर आली, म्हणून मुलीने त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी आधीचे आजार विचारले. मुलगी चांगली शिकलेली आहे. तिने न अडखळता सांगितले, ‘शी हॅड डायबेटिस फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’ डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न केला, ‘अँड व्हेन डिड इट गो अवे?’ म्हणजे मग मधुमेह गेला कधी? मायलेकी एकमेकींकडे पाहू लागल्या. मधुमेह कुठे गेला होता? त्याच दिवशी सकाळी गोळी घेऊन खाला घराबाहेर पडल्या होत्या. शेवटी औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली, तेव्हा उलगडा झाला.

दुसरा प्रसंग आमच्या मोहल्ल्यातील एका तरुणाचा. आखातातील नोकरीसाठी त्याची फोनवर मुलाखत होती. तो पुण्यातील एका कारखान्यात 6 वर्षांपासून कामाला आहे आणि मुलाखतीच्या दिवशीही तिथेच कामाला होता. त्याने सांगितले, ‘आय वर्क्ड इन अ फॅक्टरी इन पुणे फॉर सिक्स इयर्स.’ समोरून विचारणा झाली, ‘व्हाय डिड यू लीव्ह?’ नोकरी का सोडलीत? तो गोंधळला. ‘सोडलेली नाही’ म्हणाला, तर विचारणाऱ्याला वाटले की हा काहीतरी लपवतो आहे.

या दोघांनीही सांगितलेली माहिती खरी होती. वर्षांचा आकडाही बरोबर होता. तरीही ऐकणाऱ्यापर्यंत जे पोहोचले ते खरे नव्हते. आजार संपला, नोकरी सुटली, असा अर्थ निघाला. एवढा फरक फक्त क्रियापदाच्या एका रूपाने केला. ‘अमुक वर्षांपासून’ हे इंग्रजीत कसे सांगायचे, हा प्रश्न त्यामुळे परीक्षेतल्या दोन गुणांपुरता राहत नाही. आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी, निकाहनंतर संसारासाठी दूर देशी जात आहेत. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांत तर हे तीन-तीन पिढ्यांचे चालत आलेले आहे. म्हणून हा विषय घरात बसून, शांतपणे समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

चूक नेमकी कुठे होते?

मराठीत आपण म्हणतो, ‘अम्मीला 12 वर्षांपासून मधुमेह आहे.’ घरात उर्दू किंवा दखनी बोलत असू तर म्हणतो, ‘अम्मी को बारह साल से शुगर है.’ दोन्हीकडे क्रियापद वर्तमानकाळाचे आहे, ‘आहे’ आणि ‘है’. अरबी शिकणाऱ्या मुलांना ठाऊक असेल की ‘मी 10 वर्षांपासून इथे राहतो’ हे सांगताना अरबीतही ‘मुन्ज़ु’ या शब्दाबरोबर ‘अस्कुनु’ असे वर्तमानाचेच रूप येते. युरोपातल्या फ्रेंच आणि जर्मन भाषांतही हाच रिवाज आहे.

तेव्हा आपली मुले ‘आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हणतात, त्यात बुद्धीची उणीव मुळीच नाही. फ्रेंच माणूसही इंग्रजी शिकताना अशाच चुका करतो. प्रत्येक जण आपापल्या भाषेची सवय बरोबर घेऊन येतो. या बाबतीत वेगळी वाट धरली आहे ती इंग्रजीने.

ती वाट समजण्यासाठी एक दोर डोळ्यांसमोर आणा. दोराचे एक टोक मागे कुठेतरी खुंटीला बांधलेले आहे. ती खुंटी म्हणजे आजार सुरू झाला तो दिवस, नोकरी लागली तो दिवस. दुसरे टोक आज आपल्या हातात आहे. मराठी आणि उर्दू हातातल्या टोकाकडे पाहून बोलतात. आज आजार आहे ना? मग ‘आहे’. इंग्रजीला मात्र खुंटीपासून हातापर्यंतचा सगळा दोर एकाच क्रियापदात हवा असतो.

आता ही तीन वाक्ये पाहा.

‘शी हॅज डायबेटिस.’ तिला आज मधुमेह आहे. फक्त हातातले टोक. कधीपासून, ते यात बसत नाही.

‘शी हॅड डायबेटिस फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’ 12 वर्षे मधुमेह होता. दोर मध्येच कापला. आता नाही, असा अर्थ होतो.

‘शी हॅज हॅड डायबेटिस फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’ 12 वर्षांपूर्वी सुरू झाला आणि आजही आहे. पूर्ण दोर.

तिसऱ्या वाक्यात ‘हॅज हॅड’ असे दोनदा आल्यामुळे पुष्कळांना ती छपाईची चूक वाटते. चूक नाही. पहिला ‘हॅज’ मदतनीस आहे आणि दुसरा ‘हॅड’ खरे क्रियापद आहे. खालांच्या मुलीने एवढा एक ‘हॅज’ घातला असता, तर पिशवी उपडी करण्याची वेळ आली नसती. त्या तरुणाने ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’ म्हटले असते, तर नोकरी का सोडली हा प्रश्नच उठला नसता.

‘पूर्ण’ या नावाने केलेला घोटाळा

शाळेत या काळाचे नाव आपण ‘पूर्ण वर्तमानकाळ’ असे शिकलो. ‘हॅज-हॅव म्हणजे ले आहे’ हे सूत्रही पाठ केले. ‘मी पत्र लिहिले आहे’ म्हणजे ‘आय हॅव रिटन अ लेटर’. हे सूत्र खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. ‘पूर्ण’ या नावामुळे मुलाच्या मनात ठसते की हे रूप संपलेल्या कामासाठी आहे. मग जे काम अजून चालू आहे, जो आजार अजून आहे, जे नाते अजून टिकून आहे, त्यासाठी हे रूप वापरायचे त्याला सुचणार कसे?

या अडचणीवर उपाय आपल्याच भाषेत आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘लहानपणापासून हे ऐकत आलो आहे’, ‘आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आले आहे.’ उर्दूत म्हणतात, ‘हम बरसों से सुनते आए हैं.’ या ‘आलो आहे’मध्ये तोच दोर आहे. तेव्हापासून चालत चालत आजपर्यंत येऊन पोहोचलो, असा त्याचा अर्थ.

मुलांना इतकेच सांगा, की इंग्रजीत बोलण्याआधी मनातल्या मनात वाक्य ‘-त आलो आहे’ असे वळवून पाहा. ‘मी इथे 10 वर्षांपासून राहतो’ हे ‘राहत आलो आहे’ असे होते का? होते. मग इंग्रजीत ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’. ‘मी त्यांना 2015पासून ओळखतो’ हे ‘ओळखत आलो आहे’ असे होते का? होते. मग ‘आय हॅव नोन देम सिन्स 2015’. सगळीच वाक्ये अशी वळत नाहीत. ‘मधुमेह असत आला आहे’ असे कोणी म्हणत नाही. पण दहा-वीस वाक्ये अशी वळवली की कानाला अंदाज येतो आणि मग सूत्राची गरज उरत नाही.

सिन्स की फॉर?

मराठीचा ‘पासून’ दोन ठिकाणी चालतो. ‘2015पासून’ही म्हणतो आणि ‘10 वर्षांपासून’ही. उर्दूचा ‘से’ही तसाच. इंग्रजीत या दोन कामांसाठी दोन शब्द आहेत.

खुंटी सांगायची असेल, म्हणजे सुरुवातीचा क्षण, तर ‘सिन्स’. सिन्स 2015, सिन्स फ्रायडे, सिन्स लास्ट रमजान, सिन्स चाइल्डहुड.

दोराची लांबी सांगायची असेल, तर ‘फॉर’. फॉर टेन इयर्स, फॉर थ्री डेज, फॉर अ लाँग टाइम.

ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘कधीपासून?’ या प्रश्नाचे उत्तर कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता आले तर सिन्स. ‘किती दिवस, किती वर्षे?’ असे मोजून सांगावे लागले तर फॉर. ‘सिन्स टेन इयर्स’ म्हणणे म्हणजे कॅलेंडरवर बोट ठेवायला सांगितले असता हातात फूटपट्टी देण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. ‘सिन्स’च्या पुढे पूर्ण वाक्य आले, तर तिथे सुरुवातीच्या प्रसंगासाठी साधा भूतकाळ येतो. ‘आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून मी याच मशिदीत नमाज पढतो’ हे इंग्रजीत असे होईल: ‘आय हॅव प्रेड अॅट धिस मॉस्क सिन्स वुई मूव्ह्ड हिअर.’ राहायला येणे एकदाच घडले, म्हणून ‘मूव्ह्ड’. नमाज आजपर्यंत चालू आहे, म्हणून ‘हॅव प्रेड’.

‘बीन’ आणि ‘इंग’ कुठे लावायचे?

हातापायांनी, तोंडाने किंवा डोक्याने करायचे जे काम चालू आहे, त्याला ‘बीन’ आणि ‘इंग’ शोभून दिसते. ‘शी हॅज बीन टीचिंग फॉर एट इयर्स.’ ‘ही हॅज बीन कफिंग सिन्स फ्रायडे.’ ‘आय हॅव बीन फास्टिंग सिन्स डॉन.’ राहणे आणि काम करणे या दोन क्रियापदांना दोन्ही रूपे चालतात. ‘आय हॅव लिव्ह्ड’ म्हणा की ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ म्हणा, अर्थात फारसा फरक पडत नाही.

पण काही क्रियापदे काम दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात. ओळखणे, मालकीचे असणे, विश्वास असणे ही त्यांतली. त्यांना ‘इंग’ लावायचे नाही. ‘आय हॅव बीन नोइंग हिम’ चूक, ‘आय हॅव नोन हिम’ बरोबर. ‘वुई हॅव बीन हॅविंग धिस हाउस’ चूक, ‘वुई हॅव हॅड धिस हाउस फॉर थर्टी इयर्स’ बरोबर. निकाहला 20 वर्षे झाली असतील तर ‘वुई हॅव बीन मॅरीड फॉर ट्वेंटी इयर्स’. इथे कोणी ‘वुई वेअर मॅरीड फॉर ट्वेंटी इयर्स’ म्हणाले, तर ऐकणारा हळहळेल. त्याला वाटेल की तलाक झाला किंवा जोडीदाराचा इंतकाल झाला.

जकातीचा हिशेब इंग्रजीतून मांडतानाही हाच काळ भेटतो. निसाबइतकी रक्कम आपल्याकडे चांद्र वर्षभर आहे का, हे विचारायचे तर ‘हॅव यू हॅड धिस अमाउंट फॉर अ लूनर इयर?’ असे म्हणतात. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचे, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. ‘हॅड’ ऐकून हा प्रश्न ‘पूर्वी कधी होती का?’ असा समजला, तर उत्तर भलतेच दिले जाईल. विचारले आहे ते असे: वर्षभर आहे आणि आजही आहे का?

‘झाली’ची आणि ‘नाही’ची वाक्ये

मराठीत काळ सांगण्याची आणखी एक फार गोड पद्धत आहे. ‘अब्बांचा इंतकाल होऊन 5 वर्षे झाली.’ याचे इंग्रजी करताना ‘माय फादर हॅज डाइड सिन्स फाइव्ह इयर्स’ असे वाक्य हमखास ऐकू येते. ते चुकीचे आहे, कारण मृत्यू एका क्षणाचा असतो आणि तो 5 वर्षे चालू राहत नाही. यासाठी दोन बरोबर वाटा आहेत. ‘माय फादर डाइड फाइव्ह इयर्स अगो.’ किंवा मराठीसारखेच, वर्षांना पुढे घेऊन, ‘इट हॅज बीन फाइव्ह इयर्स सिन्स माय फादर डाइड.’ या दुसऱ्या वाक्यातला ‘इट हॅज बीन’ म्हणजे थेट आपला ‘झाली’. ‘आम्हाला इथे येऊन 10 वर्षे झाली’ म्हणजे ‘इट हॅज बीन टेन इयर्स सिन्स वुई केम हिअर’.

‘नाही’च्या वाक्यांत मराठी स्वतःच भूतकाळाकडे वळते. ‘3 वर्षांपासून भाईजान भेटले नाहीत.’ ‘सकाळपासून काही खाल्ले नाही.’ इंग्रजीत मात्र दोर तोच: ‘आय हॅव नॉट सीन माय ब्रदर फॉर थ्री इयर्स’, ‘आय हॅव नॉट ईटन सिन्स मॉर्निंग’. भूल देण्याआधी दवाखान्यात शेवटचे कधी खाल्ले ते विचारतात. तेव्हा हे वाक्य आपल्या माणसाला सांगता आले पाहिजे.

समोरच्याचा प्रश्नही ओळखायला हवा

बोलण्याइतकेच ऐकणेही महत्त्वाचे आहे. विमानतळावरचा अधिकारी विचारतो, ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर?’ आपली मंडळी ‘हाउ लाँग’ ऐकतात आणि ‘आत्ताच आलो’ म्हणतात. वास्तविक त्याने पुढचे विचारले आहे. इथे किती दिवस राहणार? याचे उत्तर ‘फॉर थ्री वीक्स’ असे काहीतरी हवे. ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’ विचारले, तर मात्र मागचे विचारले आहे. इथे येऊन किती दिवस झाले? ‘आर’ पुढे नेतो आणि ‘हॅव बीन’ मागे नेतो.

तसेच नोकरीचे. ‘हाउ लाँग डिड यू वर्क देअर?’ म्हणजे तुम्ही ती नोकरी सोडलेली आहे असे विचारणारा धरून चालला आहे. ‘हाउ लाँग हॅव यू वर्क्ड देअर?’ म्हणजे अजून तिथेच आहात हे त्याला ठाऊक आहे. त्याने चुकीचे धरले असेल, तर तिथल्या तिथे ‘आय स्टिल वर्क देअर’ एवढे तीन-चार शब्द सांगून टाकावेत. गैरसमज वाढत नाही.

उलटी चूकही नको

हा काळ एकदा जमला की मुले तो सगळीकडे घालू लागतात. नोकरीच्या अर्जात वाक्य दिसते, ‘आय हॅव पास्ड बी.कॉम. इन 2012.’ इथे 2012 हे साल संपलेले आहे, त्याला दार लागलेले आहे. ठरावीक, संपलेला काळ सांगितला की साधा भूतकाळ: ‘आय पास्ड बी.कॉम. इन 2012.’ ‘यस्टर्डे’, ‘लास्ट इयर’, ‘अगो’ हे शब्दही तसेच दार लावणारे आहेत. त्यांच्याबरोबर ‘हॅव’ बसत नाही. पुण्यात 4 वर्षे राहून आता मुंबईत आलेल्या मुलाने ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फोर इयर्स’ म्हणणे अगदी बरोबर आहे. तिथला दोर खरोखरच संपला आहे. ‘फॉर’ दिसला म्हणून ‘हॅव’ घालू नये. आधी विचारावे, आजही चालू आहे का?

परदेशी शिक्षणासाठी किंवा परिचारिकेच्या नोकरीसाठी ज्या मुली आयईएलटीएसची परीक्षा देतात, त्यांना हे पहिल्या काही मिनिटांतच लागते. बोलण्याची ही परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. तिच्या पहिल्या भागात घर, काम, शिक्षण असे ओळखीचेच विषय विचारतात. कुठे राहता, किती वर्षांपासून राहता, कधीपासून शिकता. गुण देण्याच्या चार निकषांत व्याकरणाची विविधता आणि अचूकता हा एक स्वतंत्र निकष आहे. म्हणजे अवघड शब्द पाठ करण्याआधी ‘मी इथे किती वर्षांपासून राहते’ हे एक वाक्य नीट बसवलेले बरे.

घरातच सराव करा

यासाठी शिकवणी लागत नाही. इशानंतर जेवण आटोपले की एक वही काढा आणि घरातल्या प्रत्येकाचे दोर लिहा. एका रकान्यात सुरुवात, दुसऱ्यात ‘चालू’ की ‘संपले’, तिसऱ्यात इंग्रजी वाक्य. दादी या घरात केव्हा आल्या? अब्बा दुकान केव्हापासून चालवतात? फुफी शिवणकाम किती वर्षे करत होत्या आणि केव्हा थांबवले? छोटा भाऊ केव्हापासून मकतबला जातो? घरातली औषधे कोण, कधीपासून घेते? ही शेवटची ओळ तर कागदावर लिहून पाकिटातच ठेवावी.

असे केले की मुलांना व्याकरण येते आणि घराचा इतिहासही कळतो. दादींच्या वर्षांचा हिशेब करताना त्या चार आठवणी सांगतात. इंग्रजी न येणाऱ्या अम्मीलाही आपल्या आजाराचे ते एक वाक्य पाठ करून घ्या. ‘आय हॅव हॅड डायबेटिस फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’ वाक्य एकच, पण परमुलखात मुलगी कामावर असताना तेच उपयोगी पडेल. उच्चार मोडकातोडका झाला तरी हरकत नाही. ‘हॅव’ मात्र गाळू नये.

कुणाच्या तोंडून ‘सिन्स टेन इयर्स’ आले, तर हसू नका. आपल्याकडे ते सगळ्यांना समजते आणि बोलण्याचे धैर्य व्याकरणापेक्षा मोठे आहे. दुरुस्ती प्रेमाने, एकांतात करावी. पण दुरुस्ती करावी जरूर. खरे बोलावे आणि नेमके बोलावे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. मनात खरे असून शब्दांमुळे खोटे ठरण्याची पाळी आपल्या मुलांवर येऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

त्या खाला आता बऱ्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. त्यांच्या मुलीने ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवले आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.